नऊ ईटीएफचे चार : एका डीमॅट खात्याची झाडाझडती

नाशिकमधलं एक घर. पती ४३ वर्षांचे, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत खासगी कंपनीत नोकरीला. पत्नी ४० वर्षांच्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका. मुलगी दहा वर्षांची. महिन्याला ३०,००० रुपये गुंतवणुकीसाठी बाजूला पडतात: पतींचे २०,००० आणि पत्नींचे १०,०००. सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आणि पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख जातात. म्हणजे व्याजाच्या बाजूचा पाया आधीच घातलेला आहे. म्हणूनच पुढे कर्जरोख्यांच्या ईटीएफचा (शेअरबाजारात शेअरसारख्या घेता-विकता येणाऱ्या फंडाचा) विचार केलेला नाही. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडांच्या नफ्यावर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्यापेक्षा करमुक्त पीपीएफ बरा.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. खात्याची ही अवस्था मात्र घरोघरी सापडते. पतींच्या डीमॅट खात्यात तीन वर्षांत जमलेले ८ लाख ४० हजार रुपये असे होते:

निफ्टी ५० ईटीएफ, पहिला: १,९०,०००
निफ्टी ५० ईटीएफ, दुसरा: ६०,०००
सेन्सेक्स ईटीएफ: ७०,०००
निफ्टी नेक्स्ट ५० ईटीएफ: ४०,०००
बँक निफ्टी ईटीएफ: १,३०,०००
आयटी ईटीएफ: ८०,०००
सरकारी बँकांचा ईटीएफ: ५०,०००
सोन्याचा ईटीएफ: ६०,०००
नॅसडॅक १०० ईटीएफ: १,६०,०००

यातला एकही ईटीएफ टाकाऊ नाही. प्रत्येक घेताना काही ना काही कारण होतं: बँका वर चालल्या होत्या, आयटी पडून स्वस्त वाटत होतं, नव्या निफ्टी ईटीएफचा खर्च कमी होता. खोट आहे ती एकत्र मांडल्यावर दिसते.

नावं नऊ, माल एकच

निफ्टी ५० आणि सेन्सेक्स हे दोन्ही देशातल्या मोठ्या कंपन्यांचे निर्देशांक. सेन्सेक्समधल्या ३० कंपन्या जवळपास सगळ्या निफ्टी ५० मध्येही आहेत. म्हणजे पहिल्या तीन ओळी मिळून ३,२०,००० रुपयांची एकच गुंतवणूक आहे. निफ्टीत वित्तीय सेवांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. तो ३५ टक्के धरला, तर या तीन ओळींतच १,१२,००० रुपये बँका आणि वित्त कंपन्यांत आहेत. त्यात बँक निफ्टीचे १,३०,००० आणि सरकारी बँकांचे ५०,००० मिळवा. बेरीज २,९२,०००. भारतीय शेअर्सची एकूण रक्कम ६,२०,००० आहे, म्हणजे ४७ टक्के पैसा एकाच क्षेत्रात. खातेदारांना वाटत होतं की आपण जोखीम नऊ ठिकाणी वाटली आहे. प्रत्यक्षात एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक हे दोनच शेअर त्यांनी चार वेगवेगळ्या दारांनी घरात आणले होते.

क्षेत्रीय ईटीएफबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. एखादं क्षेत्र निफ्टीत आधीच जड असेल, तर त्याचा वेगळा ईटीएफ घेणं म्हणजे त्याच क्षेत्रावर दुसरा डाव लावणं. तो लावायचा तर कधी उचलायचा हेही घेतानाच ठरलेलं हवं. इथे ते ठरलेलं नव्हतं. बँक, सरकारी बँक आणि आयटी, तिन्ही जातील. सेन्सेक्स पुनरुक्ती म्हणून जाईल. निफ्टी ५० आणि नेक्स्ट ५० राहतील. नेक्स्ट ५० म्हणजे निफ्टीच्या पाठोपाठच्या पन्नास कंपन्या. मार्च आणि सप्टेंबरच्या फेरआढाव्यात यातल्याच काही निफ्टीत चढतात आणि तिथल्या काही खाली उतरतात. हा निर्देशांक जास्त हेलकावे खातो, म्हणून त्याला भारतीय शेअर्सचा चौथा हिस्सा दिला, अधिक नाही.

दोन निफ्टी ईटीएफ, आणि चुकीचा स्वस्तपणा

दोघांपैकी ठेवायचा कोणता? खातेदारांचा कल दुसऱ्याकडे होता, कारण त्याचा वार्षिक खर्च ०.०३ टक्के आणि पहिल्याचा ०.०४. पण हा फरक दहा लाख रुपयांवर वर्षाला शंभर रुपये इतकाच आहे.

आता ब्रोकरच्या ॲपमधलं ‘मार्केट डेप्थ’ उघडून दुसऱ्या ईटीएफची ऑर्डरची रांग पाहू. आयएनएव्ही, म्हणजे त्या क्षणी युनिटमागे असलेल्या शेअर्सची किंमत, २८०.०० रुपये. घेणारे २७९.६० देताहेत आणि विकणारे २८०.८० मागताहेत. मधलं अंतर १.२० रुपये, म्हणजे ०.४३ टक्के. आणि २८०.८० ला विकायला आहेत फक्त ३५ युनिट. पुढची ६० युनिट २८१.५० ला, त्यापुढची १०५ युनिट २८३.०० ला. अशा वेळी कुणी २०० युनिटची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली तर ती तिन्ही पायऱ्या चढत जाते. एकूण ५६,४३३ रुपये मोजावे लागतात, ज्या मालाची किंमत ५६,००० आहे. ४३३ रुपये एका बोटाच्या टिचकीत गेले, आणि खर्चाच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाहीत. विकताना हेच उलट्या दिशेने होतं. पहिल्या ईटीएफमध्ये त्याच वेळी घेणाऱ्या-विकणाऱ्यांतलं अंतर पाच पैशांच्या आत होतं आणि प्रत्येक पायरीवर हजारो युनिट होती.

हा फरक का पडतो, ते ईटीएफच्या घडणीत आहे. युनिट जन्माला घालण्याचा आणि मोडण्याचा व्यवहार फंड घराणं सर्वसामान्य गुंतवणूकदाराशी थेट करत नाही. तो मार्केट मेकरशी, म्हणजे ईटीएफचे खरेदी-विक्रीचे भाव लावून बसायला नेमलेल्या व्यापाऱ्याशी होतो, किंवा २५ कोटी रुपयांहून मोठा व्यवहार करणाऱ्याशी. ईटीएफचा भाव आयएनएव्हीपेक्षा वर गेला की मार्केट मेकर निफ्टीतले शेअर घेतो, फंडाला देतो, बदल्यात नवी युनिट मिळवतो आणि ती बाजारात विकतो. भाव खाली येतो. उलट झालं तर उलटा व्यवहार. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक ईटीएफला किमान दोन मार्केट मेकर लागतात. पण नेमणूक असणं वेगळं आणि दिवसभर दाट भाव लावून बसणं वेगळं. ज्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल मोठी, तिथे नेमलेल्यांखेरीज इतरही व्यापारी हे काम करतात आणि अंतर आपोआप मिटतं. देशातला पहिला ईटीएफ, निफ्टीबीज, डिसेंबर २००१ मध्ये आला. जुन्या ईटीएफकडे रांग दाट असते, त्यामागे वर्षानुवर्षं जमलेली ही गर्दी आहे.

म्हणून एकाच निर्देशांकाचे ईटीएफ तुलनेला घेतले की क्रम असा लावावा: आधी गेल्या महिनाभरातली रोजची सरासरी उलाढाल रुपयांत. मग तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, दुपारच्या वेळी पाहिलेलं भावातलं अंतर. मग ट्रॅकिंग डिफरन्स. आणि सगळ्यांत शेवटी खर्चाचं प्रमाण. तेही निफ्टीपुरतं, कारण तिथे सगळेच स्वस्त आहेत.

ट्रॅकिंग डिफरन्स आणि ट्रॅकिंग एरर यांत गल्लत होते. निर्देशांकाने १२.०० टक्के दिले आणि फंडाने ११.९३ दिले, तर ०.०७ हा डिफरन्स, म्हणजे खरोखर गमावलेला पैसा. एरर हा रोजच्या फरकांचा चढउतार मोजतो. फंड दररोज नेमका तेवढाच मागे राहत गेला तर एरर जवळजवळ शून्य दिसेल आणि पैसा मात्र जात राहील. फंड घराण्यांना दोन्ही आकडे जाहीर करावे लागतात. आपण डिफरन्स पाहावा, एक वर्षाऐवजी तीन आणि पाच वर्षांचा. आणि तुलना टोटल रिटर्न, म्हणजे लाभांश धरलेल्या, निर्देशांकाशी हवी. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की सुमार फंडही हुशार दिसतो.

युनिटचा भाव कमी म्हणजे ईटीएफ स्वस्त, हाही गैरसमज या खात्यात होता. डिसेंबर २०१९ मध्ये निफ्टीबीजच्या एका युनिटची दहा झाली. भाव दहाव्या हिश्शावर आला, मालकी तेवढीच राहिली. लहान युनिटचा उपयोग एवढाच की दरमहाच्या रकमेतून उरणारी चिल्लर कमी होते.

सोन्यात हिशेब उलटा

निफ्टीत लावलेला क्रम सोन्याला तसाच लावला तर चूक होते. सोन्याच्या ईटीएफचे खर्च एकमेकांपासून बरेच दूर आहेत. खात्यातला ईटीएफ ०.८ टक्के खर्चाचा, पण अतिशय दाट उलाढालीचा. दुसरा ०.४ टक्क्यांचा, उलाढाल कमी असली तरी रोज काही कोटींची, भावातलं अंतर ०.१५ टक्के. दरमहा ५,००० रुपयांच्या खरेदीत या अंतराचा अर्धा भाग आपल्या वाट्याला येतो: ३ रुपये ७५ पैसे, वर्षाला ४५ रुपये. पुढे सोनं तीन लाखांचं झालं की खर्चातला ०.४ टक्क्यांचा फरक वर्षाला १,२०० रुपये होतो, आणि तो दरवर्षी कापला जातो. अंतर एकदाच सोसायचं, खर्च कायमचा. इथे कमी खर्चाचा निवडला. आधीची ६०,००० रुपयांची युनिट मात्र लगेच मोडली नाहीत. सोन्याच्या ईटीएफवर बारा महिन्यांच्या आत नफा झाला तर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर, त्यानंतर १२.५ टक्के, आणि शेअर्सच्या ईटीएफला मिळणारी १ लाख २५ हजारांची सूट इथे नाही. जुनी युनिट तशीच राहतील, नवी खरेदी नव्या ईटीएफमध्ये. एकाच कामाचे दोन ईटीएफ ठेवण्याला एवढा एकच अपवाद केला.

सोन्याचा ईटीएफ देशातला भाव दाखवतो, आयात शुल्कासकट. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि त्याच दिवशी ईटीएफचे भाव घसरले, जगात सोनं पडलेलं नसताना. सार्वभौम सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. त्यामुळे कागदी सोन्यासाठी आता ईटीएफ हाच मुख्य रस्ता आहे. घरातले दागिने या हिशेबात धरले नाहीत. ते मोडायची वेळ आली तरी घडणावळ परत मिळत नाही, आणि मोडायला मनही होत नाही.

नॅसडॅकचा भाव कुणी फुगवला

सगळ्यांत अवघड प्रश्न इथे होता. नॅसडॅक १०० हा अमेरिकी बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याच्या ईटीएफचा आयएनएव्ही १८० रुपये, बाजारभाव १९८. दहा टक्के जास्त. निफ्टीत असं झालं तर मार्केट मेकर तासाभरात भाव खाली आणेल. इथे त्याचे हात बांधलेले आहेत. परदेशी ईटीएफमध्ये गुंतवणुकीसाठी साऱ्या भारतीय म्युच्युअल फंड उद्योगाला मिळून एक अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि इतर परदेशी गुंतवणुकीसाठी सात अब्ज डॉलरची. जानेवारी २०२२ मध्ये सात अब्जांची मर्यादा भरत आली तेव्हा फंड घराण्यांनी नवे पैसे घेणं थांबवलं. एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफकडे जाणारा नवा ओघही रोखला गेला. नवी युनिट जन्माला येणार नाहीत, मागणी मात्र आहे. मग आहे त्याच युनिटची बोली लागते. मर्यादा सैल झाली की हा दहा टक्क्यांचा फुगा फुटेल, अमेरिकी बाजार जागचा हलला नाही तरी.

फुगवटा खरेदी करणाऱ्याच्या अंगावर येतो आणि विकणाऱ्याच्या पदरात पडतो. त्यामुळे नवी खरेदी पूर्ण बंद. आणि असलेल्यातली अर्धी, ४०४ युनिट, विकायची. १९८ च्या भावाने ७९,९९२ रुपये आले, त्यातले ७,२७२ निव्वळ फुगवट्याचे. डीमॅटमध्ये आधी घेतलेली युनिट आधी विकली गेली असं धरतात. त्यामुळे विकलेली सगळी युनिट बारा महिन्यांहून जुनी ठरली. नफा सुमारे २८,०००. यालाही सोन्यासारखाच १२.५ टक्के कर, सूट नाही. सगळीच का विकली नाहीत? कारण परदेशी बाजारातला थोडा वाटा त्यांना हवाच आहे, आणि आज तो परत मिळवायला सोपं दार नाही.

एक खबरदारी. भारतात बाजार चालू असताना अमेरिकेत रात्र असते, त्यामुळे या ईटीएफच्या आयएनएव्हीमागचे शेअर्सचे भाव आदल्या रात्रीचे असतात. अमेरिकी वायद्यांत (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) मोठी हालचाल झाली असेल तर दिसणाऱ्या फुगवट्यातला काही भाग फुगवटा नसून शेअर्सची बदललेली किंमत असू शकतो. शांत दिवस पाहून निर्णय घ्यावा.

परदेशी ईटीएफबाहेरही हे घडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष चांदीची टंचाई झाली आणि चांदीच्या ईटीएफचे भाव एनएव्हीच्या, म्हणजे युनिटमागच्या मालाच्या किमतीच्या, बरेच वर गेले. ऐन दिवाळीच्या तोंडावर ज्यांनी घेतले, त्यांनी चांदीबरोबर टंचाईही विकत घेतली. आयएनएव्ही न पाहता ऑर्डर टाकू नये, याचं हे ठळक उदाहरण.

पत्नींचे दहा हजार

त्यांचं डीमॅट खातं नाही, आणि उघडायची गरजही दिसली नाही. त्यांच्यासाठी निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (बाजारात न जाता फंड घराण्याकडूनच घ्यायचा), डायरेक्ट म्हणजे मध्यस्थाशिवायची योजना, पगारानंतर दोन दिवसांनी एसआयपी. वार्षिक खर्च ईटीएफपेक्षा थोडा जास्त, पण दिवसअखेरच्या एनएव्हीने युनिट मिळतात. रांग नाही, अंतर नाही, पैशाच्या अपूर्णांकापर्यंत सगळी रक्कम कामाला लागते. ज्याला बाजाराच्या वेळेत दोन मिनिटं काढून भाव पाहता येत नाहीत, त्याने ईटीएफचा हट्ट धरू नये. वर्गावर तास चालू असताना कुणी आयएनएव्ही पाहणार नाही.

हे पैसे त्यांच्या स्वतःच्या पगारातून, त्यांच्याच नावावर जातात, म्हणून दीर्घ मुदतीच्या नफ्यावरची १ लाख २५ हजारांची वार्षिक सूट त्यांना वेगळी मिळेल. पतींनी पैसे देऊन पत्नीच्या नावे गुंतवले असते तर तो नफा कायद्याने पतींच्याच उत्पन्नात मिळवला गेला असता.

विक्रीचा क्रम

पाच ईटीएफ पूर्ण विकायचे होते, एकूण ३,९०,००० रुपयांचे. बँक निफ्टीत २२,००० नफा, सरकारी बँकांत १२,०००, सेन्सेक्समध्ये १२,०००, दुसऱ्या निफ्टीत ९,०००. आयटीत ६,००० तोटा. सगळी युनिट वर्षाहून जुनी. नफ्याची बेरीज ५५,०००, १ लाख २५ हजारांच्या सूट-मर्यादेत, म्हणजे कर शून्य. आयटीचा तोटा या करमुक्त नफ्यात जिरवणं वाया गेलं असतं. तो नॅसडॅकच्या २८,००० समोर मांडला, त्यामुळे करपात्र नफा २२,००० उरला. कर २,७५० आणि चार टक्के उपकर ११०, एकूण २,८६० रुपये. फुगवट्यातून आलेल्या ७,२७२ पुढे हा कर हलका आहे.

पातळ रांगेचे दोन ईटीएफ, सेन्सेक्स आणि दुसरा निफ्टी, एका ऑर्डरमध्ये विकले नाहीत. दुसऱ्या निफ्टीची २१४ युनिट ५०-५० च्या तुकड्यांत, आयएनएव्हीपेक्षा पाच-दहा पैसे खाली लिमिट, म्हणजे त्याखाली विकायचं नाही असा भाव, लावून. पहिला तुकडा अर्ध्या तासात गेला नाही तर आणखी पाच पैसे उतरायचं. सगळे तुकडे एकाच दिवसात संपवायचे, कारण डीमॅटमधून युनिट बाहेर जाताना लागणारं शुल्क, ब्रोकरप्रमाणे पंधरा-वीस रुपये आणि वर जीएसटी, हे एका ईटीएफला एका दिवसाचं असतं. चार दिवसांत विकलं तर चारदा लागतं. विक्रीवरचा एसटीटी (शेअरबाजारातल्या व्यवहारावरचा कर) ०.००१ टक्का, म्हणजे ६०,००० वर साठ पैसे. त्याची चिंता नको.

आलेल्या ४,७०,००० पैकी २,८५,००० पहिल्या निफ्टीत, १,२०,००० नेक्स्ट ५० मध्ये, ६५,००० सोन्यात. कर बचत खात्यातून भरला. मांडणी झाली: निफ्टी ५० मध्ये ४,७५,०००, नेक्स्ट ५० मध्ये १,६०,०००, सोन्यात १,२५,०००, नॅसडॅकमध्ये ८०,०००. पूर्वीच्याच पद्धतीने मोजलं तर भारतीय शेअर्समधला वित्त क्षेत्राचा वाटा ४७ टक्क्यांवरून २६ वर आला.

दरमहाची खरेदी

पतींच्या २०,००० पैकी १२,००० निफ्टी, ३,००० नेक्स्ट ५०, ५,००० सोनं. ब्रोकरच्या ॲपमधली आपोआप खरेदीची सोय बंद केली. ती ऑर्डर सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताच, मार्केट ऑर्डर म्हणून जात होती, आणि तेव्हा शेअर्सचेच भाव स्थिरावलेले नसतात, मग मार्केट मेकर अंतर रुंद ठेवतो. आता साडेदहा ते तीनच्या दरम्यान, आयएनएव्ही पाहून, त्याहून फार तर पाच पैसे वर लिमिट. २८० च्या भावाला ४२ युनिट, ११,७६० रुपये. उरलेले २४० पुढच्या महिन्यात. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे पावणेदोन रुपये.

फार मोठ्या उलथापालथीच्या दिवशी खरेदीची तारीख आली तर ती दोन दिवस पुढे ढकलायची. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या मतमोजणीदिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. अशा दिवशी भाव आकर्षक दिसतो, पण रांगेतलं अंतर इतकं ताणलं जातं की स्वस्त मिळाल्याचा फायदा त्यातच जिरू शकतो.

सोन्याचा वाटा १० टक्क्यांखाली किंवा २० टक्क्यांवर गेला, तरच फेरजुळणी. तीही आधी नव्या पैशांची दिशा बदलून, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मार्चमध्ये विकून. नॅसडॅकच्या उरलेल्या युनिटसाठी एक ओळ वहीत लिहून ठेवली आहे: दर तिमाहीला बाजारभाव आणि आयएनएव्ही शेजारी-शेजारी नोंदवायचे. फुगवटा दोन टक्क्यांच्या आत आला, आणि नवी युनिट निघू लागली, तर खरेदी पुन्हा सुरू करायची. तोवर नाही.